लाकूड महागले, चिरे मिळेनात: गोव्यात घर बांधणाऱ्यांचे आणि दुरुस्त करणाऱ्यांचे प्रश्न

आमच्या घराण्यात तीन पिढ्या सुतारकाम चालले. मी स्वतः रंधा फारसा धरला नाही, पण वाडवडिलांचे घर आढ्यापासून जोत्यापर्यंत दुरुस्त करून घेताना लाकडाच्या गिरण्या, चिरेखाणी (जांभ्या दगडाचे चिरे काढतात त्या खाणी), पंचायत, वनखाते असे सगळे उंबरे झिजवले. तेव्हापासून पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथून ओळखीपाळखीचे लोक विचारत असतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरे एकत्र लिहिली आहेत. दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते पंधरा दिवसांत शिळे होतात. हिशेब कसा करायचा ते मात्र दिले आहे.

लाकूड एवढे का महागले? कोणी साठा करून ठेवला आहे का?

साठेबाजी थोडीफार असते, पण मूळ कारण ते नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सागवानाचा मोठा भाग परदेशातून येतो. पूर्वी ‘बर्मा’, म्हणजे म्यानमारचे सागवान, म्हटले की डोळे झाकून घेत. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून लठ्ठ्यांची, म्हणजे न चिरलेल्या ओंडक्यांची, निर्यात बंद केली. त्याआधी 2010 मध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉनने तेच केले होते. जंगल असलेल्या देशांना आता लठ्ठे विकण्यापेक्षा चिरलेले, घडवलेले लाकूड विकायचे आहे, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. मग व्यापारी घाना, बेनिन, टांझानिया, इक्वेडोर, पनामा असे लांब लांब गेले. माल डॉलरमध्ये घ्यायचा, जहाजाने आणायचा, बंदरात उतरवायचा, मग ट्रकने गोव्यात. रुपया घसरला की लाकूड महागते. 2021 मध्ये कंटेनर मिळेनासे झाले तेव्हा महागले. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कित्येक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, तेव्हा वेळ आणि भाडे दोन्ही वाढले. अमेरिकेत मे 2021 मध्ये लाकडाचा वायदा दर हजार बोर्ड फुटांना (बोर्ड फूट हे तिकडचे लाकूड मोजायचे माप) 1,600 डॉलरच्या वर गेला होता. ते लाकूड आपल्या चौकटीत बसत नाही, पण त्या दिवसांत जगभरची जहाजे आणि गिरण्या एकाच घाईत होत्या.

देशातले सागवान येते ते दांडेली, हल्याळ, यल्लापूर या बाजूच्या कर्नाटक वनखात्याच्या आगारांतून, किंवा लांबून बल्लारशाहून. तिथे लिलाव होतो. सरळ, जाड, लांब लठ्ठ्यावर सगळ्यांची नजर असते, त्यामुळे लांबी आणि घेर वाढला की घनफुटाचा दरही वाढतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गोव्यात एवढे जंगल आहे. मग आपलेच लाकूड का मिळत नाही?

राज्य 3,702 चौरस किलोमीटरचे, आणि त्यात म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर अशी अभयारण्ये. तिथे तोड नाही. 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयाने देशभर जंगलतोडीवर आणि विनापरवाना करवत गिरण्यांवर लगाम घातला. माट्टी, किंदळ, नाणा, जांभा ही आपल्या आजोबांच्या छपरांतली लाकडे याच जंगलांतून आलेली. आज ती थोडीफार मिळतात ती खाजगी जमिनीतल्या परवान्याच्या तोडीतून किंवा वनखात्याच्या लिलावातून. मला याचे वाईट वाटत नाही. म्हादई नदीचे पाणी त्या झाडांच्या मुळाशी आहे.

गिरणीवाला घनफुटात बोलतो. मला काहीच कळत नाही. फसवणूक कशी टाळू?

हिशेब सोपा आहे, आणि तो स्वतः केल्याशिवाय गिरणीत पाऊल ठेवू नका.

चिरलेल्या लाकडासाठी रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात घ्या. तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागा. दाराची चौकट घेऊ. दोन उभ्या सात सात फूट, वरची आडवी साडेतीन फूट, मिळून साडेसतरा फूट. जाडी-रुंदी 5 बाय 3 इंच. 17.5 गुणिले 15 भागिले 144, म्हणजे 1.82 घनफूट. आतल्या खोलीच्या दाराला 4 बाय अडीच पुरते. तीच चौकट मग 1.22 घनफुटांत होते. दहा दारांच्या घरात हा फरक सहा घनफुटांचा पडतो. पुढच्या दाराला जाड चौकट ठेवा, संडास-न्हाणीला नको.

गोल लठ्ठ्याची पद्धत वेगळी. मधोमध दोरीने घेर मोजतात, त्याचा चौथा हिस्सा काढतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. चार फूट घेराचा दहा फुटी लठ्ठा या हिशेबाने दहा घनफूट भरतो. भूमितीने त्यात 12.73 घनफूट असतात. मधली तूट साल, कडा आणि भुशासाठी सोडलेली आहे, ती जुनी रीत आहे आणि घेणाऱ्याच्या बाजूची आहे. म्हणून कोणी ‘आम्ही खरा घनफूट देतो’ म्हणून घनमीटरचा दर सांगितला तर दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. एका घनमीटरात 35.3 घनफूट असतात, पण या दोरीच्या हिशेबाने फक्त 27.7. इथेच माणूस चुकतो.

आणखी दोन गोष्टी आधीच विचारा. माप रंधा मारण्यापूर्वीचे की नंतरचे? आणि बाहेरचा पांढरा भाग मोजात धरला आहे का? वाळवी आधी पांढऱ्यातच शिरते. गाभ्याचे पैसे देऊन पांढरे घरी आणू नका.

सागवानच घ्यायला हवे का?

नाही. सागवानाची सवय आपल्याला नको इतकी लागली आहे. आमच्या घराच्या आढ्याला माट्टी आहे, वाशांना किंदळ, आणि सागवान फक्त पुढच्या दारात. हे गरिबीमुळे नव्हते. कोणते लाकूड कुठे चालते हे बांधणाऱ्याला ठाऊक होते.

माट्टी जड, टणक, भार घ्यायला उत्तम, पण ओली वापरली तर चिरते आणि वळते. किंदळ तसेच. फणसाचे लाकूड पिवळेजर्द असते, वर्षांनी तांबूस होत जाते, वाळवी त्याला सहज धरत नाही. दारे, खिडक्या, देव्हारा यांना फणस शोभतो. शिवण हलके आणि न वळणारे, कपाटांच्या दारांना चांगले. आंबा स्वस्त, पण प्रक्रिया केल्याशिवाय भुंग्याचे खाद्य. ऑस्ट्रेलियन बाभूळ गोव्यात ठिकठिकाणी लावलेली आहे. नीट वाळवली तर तिचे टेबल-खुर्च्या सुंदर होतात, माझ्या लिहायच्या मेजाचे पाय तिचेच आहेत. केरळचे प्रक्रिया केलेले रबराचे लाकूड घरातल्या फर्निचरला चालते, पावसाच्या माऱ्यात नाही. पन्नास-साठ वर्षांच्या माडाचा खालचा बाहेरचा भाग वाशांना खरोखर मजबूत असतो. आतला मऊ गाभा मात्र टाकायचा, म्हणजे सागवानाच्या अगदी उलटे.

यातले कोणतेही घ्या, ते वाळलेले हवे. मी स्वतः एका गिरणीवाल्याच्या ‘एकदम सुके आहे’ या शब्दावर मे महिन्यात सहा दारांचे लाकूड घेतले. जुलैत दारे फुगली, जानेवारीत फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून ओलावा मोजायचे छोटे यंत्र खिशात असते. घरातल्या कामाला साधारण 12 टक्क्यांच्या आसपास ओलावा हवा, गोव्याच्या दमट हवेत थोडे वर गेले तरी चालेल. यंत्र पंचवीस दाखवत असेल तर ते लाकूड विकत घ्या, पण एवढ्यात वापरू नका. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत, खाली-मध्ये पट्ट्या घालून रचून, वर्षभर लागते असा जुना अंदाज आहे.

जुन्या घराचे वासे, तुळया, दारे पुन्हा वापरता येतात का?

येतात, आणि या सगळ्या प्रश्नांत मला सर्वांत जास्त याच्याबद्दल बोलायचे आहे.

गावागावांत जुनी घरे पाडली जात आहेत. जेसीबी येतो, अर्ध्या दिवसात घर जमिनीला, आणि शंभर वर्षांचे वाळलेले लाकूड भंगाराच्या भावाने ट्रकमध्ये जाते. तेच लाकूड घासून, पॉलिश करून बाहेरून आलेल्या माणसाच्या व्हिलात दहा पटींनी मोलाचे होऊन बसते. घरमालक मात्र त्याच आठवड्यात गिरणीत ओल्या आयात सागवानाची पावती फाडत असतो. हे बघवत नाही. तुमच्या डोक्यावर असलेला वासा आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लाकडापेक्षा चांगला आहे, कारण तो हळू वाढलेल्या जंगलातल्या झाडाचा आहे आणि शंभर पावसाळ्यांत जेवढे वळायचे तेवढे वळून झाला आहे.

तपासायचे कसे? वासा भिंतीत शिरतो तिथे आणि गळती होती तिथे आधी बघा, कुजते ते तिथेच. टोकदार पेचकस दाबून बघा. दोन-तीन मिलिमीटर जाऊन थांबला तर लाकूड ठीक. लोण्यासारखा गेला तर तेवढा भाग कापा. हातोडीने ठोका: खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज आतून पोकळ. बहुतेक वेळा सोळा फुटी वाशाची टोकाची दीड-दोन फूटच गेलेली असतात. उरलेला चौदा फुटी वासा लहान खोलीवर, पडवीवर, बल्कावावर (दारापुढच्या ओसरीवर) बसतो. आमच्या घराचे चाळीस वासे काढले, त्यातले एकतीस परत चढले. जे नऊ गेले त्यांच्यातून खिडक्यांच्या चौकटी आणि देव्हाऱ्याचा पाट निघाला.

खिळे मात्र एकूण एक काढा. चुंबक फिरवून बघा. एक खिळा राहिला तर गिरणीवाल्याचे पाते जाते, आणि पुढच्या वेळी तो तुमचे जुने लाकूड हातात धरणार नाही. कापलेल्या टोकांना वाळवीचे औषध पाजा, भिंतीत जाणाऱ्या टोकाला डांबर किंवा तत्सम लेप द्या, आणि टोकाभोवती हवेला थोडी जागा सोडा. सिमेंटने गच्च बुजवलेले टोक पुन्हा कुजणारच.

घर पाडायचेच असेल तर जेसीबीआधी आठ दिवस दोन सुतार लावा. कौले, रिपा, वासे, तुळया या क्रमाने उतरवा, प्रत्येकावर खडूने लांबी लिहा. मजुरी जाईल. पण नव्या लाकडाच्या दरापुढे ती काहीच नाही.

माझ्या परसात फणस आहे. तोडून वापरू का?

परवानगीशिवाय नको. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, खाजगी जमिनीतल्या झाडालाही वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बदली झाडे लावावी लागतात. माडाला 2016 मध्ये या कायद्यातून बाहेर काढले होते, लोकांनी आवाज उठवला आणि 2017 मध्ये तो परत आत आला. लाकूड गिरणीपर्यंत न्यायचे तर वाहतुकीचा परवानाही विचारून घ्या. जमीन सामाईक असेल तर बाकी हिस्सेदारांची लेखी संमती आधी, अर्ज नंतर. अर्ध्या तक्रारी तिथूनच येतात.

जुने सुतार थंडीत, कृष्णपक्षात तोडायला सांगत. थंडीत झाडात रस कमी असतो, त्यामुळे भुंगा कमी लागतो, एवढे तरी पटण्यासारखे आहे. बांबू मात्र 2017 पासून वन कायद्यात झाडांमध्ये मोजत नाहीत. आपल्या जागेतला बांबू मांडव, पडवी, कुंपण यांना वापरा, आधी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून.

सगळे जण लोखंडी पाईपांचे छप्पर घालतात. ते स्वस्त नाही का?

आज स्वस्त आहे. वाळवी नाही, काम आठवड्यात होते. पण समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत खारी हवा पाईप आतून खाते, आणि आतले दिसत नाही. घ्यायचेच तर जस्ताचा थर असलेले पाईप घ्या, टोके बंद करा, जोडांवर जस्ताचा प्रायमर मारा आणि दर काही वर्षांनी रंगाचा खर्च धरा. माझे मत असे: मोठी तुळई आणि लांब वासे मिळत नसतील तिथे लोखंड, बाकी जुने लाकूड. दोन्ही एकाच छपरात नांदतात.

मंगळुरी कौले मिळतात का अजून?

मिळतात, कमी मिळतात. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरूत कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर तो किनारा कौलांनी भरला. माती, सरपण आणि कामगार तिन्ही महागल्याने त्यातले बरेच कारखाने बंद पडले. कुंदापूर बाजूहून माल येतो. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात, वर दहा टक्के तुटीला. जुनी कौले घेणार असाल तर एकाच कारखान्याच्या शिक्क्याची घ्या. वेगवेगळ्या साच्यांची कौले एकमेकांत बसत नाहीत आणि पहिल्याच पावसात गळतात.

चिरे का मिळत नाहीत?

कारण परवान्याच्या चिरेखाणी थोड्या, आणि बेकायदा खाणींवर कारवाई सुरू झाली की बाजार एकदम आटतो. 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजांच्या (चिरे, रेती, खडी यांच्या) लहान खाणींनाही पर्यावरण दाखला लागेल असे सांगितले, तेव्हापासून हा घोळ चालू आहे. सिंधुदुर्गातून माल येतो, पण तिथेही कधी चालू कधी बंद.

चिरा घेताना ट्रकच्या नगांवर जाऊ नका. खाणीखाणीचे माप वेगळे. दहा चिरे मोजून सरासरी काढा आणि भिंतीच्या चौरस फुटाला किती लागतात ते बघा. ताजा काढलेला चिरा मऊ असतो, उन्हावाऱ्यात घट्ट होतो. पांढरट मातीचे डाग असलेला चिरा परत पाठवा. आतल्या भिंतींना सिमेंटचे ब्लॉक चालतात, बाहेरच्या जोत्याला आणि भिंतींना चिरा राखून ठेवा.

रेतीचे काय? एम-सँड (दगड फोडून केलेली रेती) वापरली तर घर कच्चे राहील का?

नाही राहणार. काळ्या दगडाची नीट धुतलेली, चाळलेली एम-सँड काँक्रीटला चांगली असते, भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीत तिला जागा आहे. धोका आहे तो क्रशरची पूड एम-सँड म्हणून विकली जाते त्याचा. मुठीत घेऊन दाबा: गोळा झाला तर पूड. काचेच्या बाटलीत अर्धी रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. नदीच्या रेतीवर बसलेला गाळाचा थर आठ टक्क्यांहून जाड असेल तर घेऊ नका.

मांडवी, शापोरा, तेरेखोल, जुवारीतला रात्रीचा उपसा मला माहीत नाही असे नाही. ती रेती स्वस्त पडते कारण तिची किंमत नदीकाठच्या बागायतीवाला मोजतो, त्याचा बांध खचतो. खाडीच्या तोंडाची रेती खारट असते आणि तुमच्या सळ्या गंजवते, एवढे कारण तरी ऐका.

मोजायचे एकक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. ट्रकचा हौदा टेपने मोजा, चालकाच्या तोंडी मापावर पैसे देऊ नका.

सिमेंट आणि सळ्या आताच भरून ठेवू का?

सिमेंट अजिबात नको. तीन महिन्यांत गोव्याच्या हवेत त्याचा जोर ओसरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. जुन्या हिशेबाने अंदाजपत्रक दिले असेल तर सुधारून मागा. सळ्या लागतील तशा. आधी घ्यायचे ते लाकूड, कारण घरबांधणीच्या सामानात थांबून सुधारते ते तेवढेच. पैसे हातात असतील तर पाया खणायच्या वर्षभर आधी लाकूड घेऊन सावलीत रचा.

प्लायवूड कोणते?

स्वयंपाकघर आणि न्हाणीजवळ भारतीय मानक 710 चे (पाण्याला टिकणारे), बाकी ठिकाणी 303 चे (साधे). फक्त ‘710’ असा आकडा छापलेला असणे म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक दोन्ही बघा, क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मोबाईल ॲपवर तपासता येतो.

मेस्त्री म्हणतो, दर वाढले, जास्त द्या. द्यायचे का?

कागदावर काय लिहिले आहे त्यावर आहे. सामानासकट काम दिले असेल तर कोटेशनवर तीन ओळी हव्यात: दर किती दिवस पक्का, कोणत्या वस्तूंचा दर वाढला तर फरक मिळेल, आणि तो खरेदीच्या बिलावर मोजला जाईल. मेस्त्रीही पोटासाठी काम करतो, त्याला बुडवून तुमचे घर नीट उभे राहणार नाही. मी लाकूड स्वतः घेतो आणि मजुरी वेगळी ठरवतो. आगाऊ रक्कम दिलीच तर गिरणीत माल बाजूला काढून त्यावर रंगाने नाव घालून घ्या, फोटो काढा.

फ्लॅट घेत असाल तर 2016 च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डर घेऊ शकत नाही. करारात नसलेली ‘मटेरियल वाढले’ ही मागणी लेखी मागा, तोंडी मान्य करू नका.

चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) फक्त दोन वासे बदलायचे आहेत. एवढ्या कामाला कोणी येत नाही.

हा प्रश्न दर जुलैत येतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. शाकारणी एप्रिलमध्ये काढा, घाटाचे रस्ते उघडे असतात आणि लाकूड सुके मिळते. वाड्यावरची (वस्तीतली) तीन-चार घरे एकत्र या, सगळ्यांचे वासे मोजून एकच यादी करा, एकाच दिवशी सुतार बोलवा. मग तो येतो. जुलैच उजाडला असेल तर खराब वाशाला दोन्ही बाजूंनी फळ्या लावून बोल्टने आवळा, खाली टेकू द्या, यंदाचे वर्ष निघते. माटोळीची (गणपतीच्या वर फळे बांधून टांगतात ती) चौकट मात्र त्या वाशाला टांगू नका, नारळ-सुपाऱ्या-फळांनी ती बरीच जड होते. शेजारच्या दोन चांगल्या वाशांवर आडवा बांबू टाकून त्याला बांधा.